खर्ज

चेलो शिकायचा म्हटला की वाद्याच्याही आधी खुर्ची लागते. तिला हात नसावेत, बैठक सपाट आणि टणक असावी, आणि उंची अशी असावी की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहावेत. आमच्या गिरगावातल्या तीन खोल्यांच्या घरात अशी खुर्ची नव्हती. गाणे हे जमिनीवर मांडी घालून करावयाचे असते, अशा समजुतीच्या घरात मी वाढले होते. खुर्च्या होत्या त्या पाहुण्यांसाठी, आणि त्यांना हात होते. शेवटी माळ्यावरचे डबे काढण्यासाठी वापरायचे लाकडी स्टूल मी पुढे ओढले, त्याचा एक पाय आखूड होता त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली, आणि त्यावर ताठ बसून पाहिले. ही गोष्ट जून २०१८ मधली. निवृत्त होऊन मला अठरा दिवस झाले होते. वय होते अठ्ठावन्न.

या वयात हे वाद्य कुठून सुचले, असे मला पुष्कळांनी विचारले. खरे उत्तर असे की सुचले नाही, रस्त्यात भेटले. भाजी आणायला मी चिराबाजाराकडे जात असे, तेव्हा पलीकडे कावेलच्या गल्लीतून जायची माझी सवय होती. गल्ली अरुंद, घरांना लाकडी सज्जे, एका कोपऱ्यावर पांढरा क्रूस आणि त्यावर झेंडूची माळ. तिथल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून अधूनमधून एक आवाज येई. प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, कुणीतरी खर्ज भरते आहे. पहाटेच्या अंधारात गवई मंडळी मंद्र सप्तकातला षड्ज धरून बसतात, श्वास संपेपर्यंत त्यावरून हलत नाहीत, तो आवाज मी लहानपणी रोज ऐकलेला होता. पण सकाळचे अकरा वाजलेले, आणि हा श्वास तर संपतच नव्हता. दोन वर्षे मी त्या खिडकीखालून गेले. निवृत्तीनंतर एक दिवस भाजीची पिशवी हातात घेऊन जिना चढले.

दार उघडणारे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर इस्त्रीचा सदरा. मी काय विचारते आहे हे समजल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या हातांकडे पाहिले. डाव्या हाताची नखे कापून या, म्हणाले, आणि मंगळवारी या.

त्या मंगळवारी जे आयुष्यात प्रथम जवळून पाहिले त्याचे वर्णन करणे भाग आहे, कारण आपल्याकडे हे वाद्य ऐकलेले पुष्कळ असतात, पण पाहिलेले थोडे. व्हायोलिनच्याच घराण्यातले; पण उभे केले तर चार फुटांपर्यंत भरते. नाव इटालियन, व्हायोलोनचेलो. त्याचा अर्थ मोठा गमतीचा आहे. व्हायोलोने म्हणजे मोठे व्हायोल, आणि पुढे जोडलेला प्रत्यय लहानपण दाखवणारा. म्हणजे ‘धाकटे मोठे व्हायोल’. दर्शनी फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, बोटे ठेवायची पट्टी काळ्या आबनुसाची. चार तारा. एकीपासून दुसरी पंचमाच्या अंतरावर. पूर्वी वादक हे वाद्य दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरून वाजवीत. एकोणिसाव्या शतकात तळाशी धातूची अणकुचीदार दांडी लावण्याचा प्रघात पडला, आणि वाद्य जमिनीवर टेकले. ही दांडी माझ्या गोष्टीत पुढे येणार आहे.

पोटात, घोडीच्या एका पायाजवळ, दर्शनी फळी आणि पाठ यांच्यामध्ये एक बारीक काठी उभी केलेली असते. ती चिकटवलेली नसते. नुसत्या दाबावर उभी असते. ती पडली तर आवाज मरतो. केसभर सरकली तर बदलतो. सरांनी खाचेतून बॅटरीचा उजेड पाडून ती मला दाखवली आणि म्हणाले, “फ्रेंच लोक हिला आत्मा म्हणतात.” मी मिरजेची. सतारमेकरांच्या गल्लीत, तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते तिथे सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवून जवारी काढणारे कारागीर मी बालपणी तासन्‌तास पाहिले होते. त्यामुळे एवढ्याशा काठीवर सगळे उभे असते हे मला पटवून द्यावे लागले नाही.

त्या गल्लीशी माझे नाते वडिलांमुळे. अण्णा मिरजेच्या एका शाळेत गायन शिकवीत आणि घरी शिकवण्या घेत. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले आणि त्यांच्यामागेही दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गाणे होत राहिले, त्या गावात गायनमास्तर होणे ही सोपी गोष्ट नव्हती. तिथल्या टांगेवाल्यालाही सूर कळतो, असे म्हणत. अण्णा फार मोठे गवई झाले नाहीत. पण त्यांचा कान असा होता की पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांच्या राशीतला एकेक भोपळा टिचकीने वाजवून, हा घ्या, हा ठेवा, असे ते कारागिरांना सांगत, आणि कारागीर ऐकत.

१९७० साली मी दहा वर्षांची होते. दादा बारा वर्षांचा. त्याची तालीम सुरू होती, भूप चालला होता. मी दारापाशी बसून ऐकत असे. एका संध्याकाळी तो एका जागी पुनःपुन्हा अडखळत होता आणि ती जागा माझ्या तोंडून आपोआप निघाली. अण्णांनी हात वर केला. मला जवळ बोलावले, तीच जागा दोनदा म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, “तुझा कान चांगला आहे. गळा नाही. तू ऐकत जा.”

बोलण्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. भोपळा ठेवून द्यावा इतक्या सहजपणे ते बोलले आणि पुन्हा दादाकडे वळले. पण त्या दिवसापासून मी गायले नाही. शाळेच्या प्रार्थनेत ओठ हलवीत असे. गणपतीच्या आरतीला टाळ वाजवी. मुलाला झोपवताना थोपटले, पण अंगाई म्हटली नाही. तो बिचारा नुसत्या थोपटण्यावर झोपला. आणि ज्याला तालीम मिळाली तो दादा अभियंता झाला, पुण्याला गेला. विशीनंतर त्याने तंबोरा हातात धरल्याचे मला आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घराघरांतून असेच होत होते.

सरांकडे पहिले चार आठवडे डाव्या हाताला काही काम नव्हते. फक्त मोकळ्या तारा. गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, घोडीला समांतर न्यायचा आणि आणायचा, एवढेच. ऐकायला सोपे वाटते. पण हात खांद्याभोवती फिरतो, म्हणून गजाला स्वभावतः वाटोळे जायचे असते. तो सरळ जावा म्हणून खांदा, कोपर आणि मनगट या तिघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावे लागते. माझ्या गजातून सुताराचा रंधा चालावा तसा आवाज निघे. मी अधिक दाब देई, आवाज अधिक फाटे. “दाबू नका,” सर म्हणत, “वजन द्या.” दाब आणि वजन यांतला फरक मला महिनाभर कळला नाही. मग एकदा त्यांनी माझ्या कोपराखाली हात धरला, म्हणाले, सगळा हात माझ्यावर सोडा; मी सोडला असे मला वाटले. “अजून सोडलेला नाही,” ते म्हणाले. असे पाच-सहा वेळा झाले. अठ्ठावन्न वर्षे आपण आपला हात धरून ठेवला आहे हे मला तेव्हा समजले. ज्या दिवशी तो खरोखर सुटला त्या दिवशी सर्वांत खालची तार बोलली. तिचा कंप मला आधी छातीत जाणवला, मग कानाला ऐकू आला.

सर साष्टीचे. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीने त्यांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले होते. १९६३ मध्ये ते मुंबईत आले आणि धोबीतलावच्या एका कुडीत राहिले. गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एक पेटी ठेवायची जागा आणि वेदीसमोर रात्रीची प्रार्थना, एवढ्या आधारावर बोटीवरचे खलाशी, आचारी आणि वाजंत्री तिथे राहत. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद तेव्हा भरात होते आणि त्यांत लिहिलेले स्वर वाचून वाजवणारे वादक मोठ्या संख्येने गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसे त्या काळात संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंदाचे अंग देत होती. व्हायोलिनवाले पुष्कळ, चेलोवाले थोडे. म्हणून सरांनी चेलो धरला. तीस वर्षे त्यांनी ताडदेवच्या आणि वांद्र्याच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजवले. त्यांचे नाव कुठल्याही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. मी एखाद्या गाण्याचे शब्द सांगितले तर त्यांना ते आठवत नसे; पण चाल गुणगुणली असती तर, असे मला वाटे, आणि मी गुणगुणत नसे. पुढे सिंथेसायझर आला. शंभर माणसांचे काम एक माणूस करू लागला. १९९० च्या दशकात बोलावणी विरळ होत गेली आणि थांबली. “वाईट वाटलं?” मी विचारले. “वाईट काय,” ते म्हणाले, “मला तेव्हा पहिल्यांदा एकट्याला वाजवायला वेळ मिळाला.”

पाचव्या आठवड्यात डावा हात पट्टीवर आला, आणि माझी खरी भीती समोर उभी राहिली. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. चेलोच्या काळ्या पट्टीवर काही म्हणजे काही नसते. सूर कुठे आहे हे फक्त कानाने शोधायचे, आणि बोट केसभर चुकले तर सगळ्या गल्लीला कळते. मी चौकशी केली होती. पुष्कळ शिक्षक नवशिक्यांसाठी पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून खुणा करून देतात. मी सरांना म्हटले, मला लावून द्या.

“कशाला?”

“मी बेसूर आहे.”

“कोण म्हणालं?”

मी सांगितले. १९७० पासून हे मी कुणालाही सांगितले नव्हते; नवऱ्यालाही नाही. सरांनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले, ते आता धीर देतील, असे काही नसते म्हणतील. त्यांनी गजाला राळ घासत विचारले, “वडील जाणकार आहेत?” मी म्हटले, आहेत. “मग खरं असेल,” ते म्हणाले. “गळा नसेल. इथे गळा कुठं लागतो? कान चांगला म्हणालेत ना? आयक, बाय.”

त्या दिवसापासून ते मला बाय म्हणू लागले, आणि त्या दिवसापासून ‘आयक’ हा एकच शब्द माझा अभ्यास झाला. बोट ठेवण्याआधी ऐकायचे. स्वर वाजला पाहिजे तो आधी मनात वाजला पाहिजे; मग बोट तिकडे जाते. वाजल्यावर ऐकून दुरुस्त करणारा सदैव मागेच राहतो, असे ते म्हणत. चिकटपट्ट्या लावल्या नाहीत. आणि माझे बोट, मला न विचारता, पुष्कळदा बरोबर जागी पडू लागले.

एवढे सगळे मी अण्णांपासून लपवून केले होते. आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडे गिरगावात होते. २०१८ साली ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हते. श्रवणयंत्र कपाटात पडून असे. ते लावले की भांड्यांचाच आवाज मोठा होतो आणि माणसांचा नाही, अशी त्यांची तक्रार. दुपारी ते पुढच्या खोलीत खाटेवर झोपत, तेव्हा मी आतली खोली लावून घेऊन सराव करी. अठ्ठावन्न वर्षांची बाई आपल्या बहिऱ्या बापाला भिऊन दार लावून वाजवते, यातली गंमत मला कळत होती. पण दार उघडे ठेवण्याचे धैर्य नव्हते.

त्या दिवसांत गिरगावात भुयारी मेट्रोचे काम चालू होते. रस्त्यावर निळे पत्रे, खाली यंत्रांची घरघर. जुन्या इमारतींना हादरे बसत आणि लोक भिंतींच्या भेगांवर पेन्सिलीने तारखा लिहून ठेवत. आमच्या इमारतीची जमीन लाकडी तुळयांवरची. एक दिवस चहा घेताना अण्णा म्हणाले, “हल्ली दुपारीसुद्धा खणतात वाटतं.”

मी म्हटले, “हो.”

जमिनीत ते हादरे कुठून येत होते हे मला तत्काळ उमगले. चेलोची दांडी फळ्यांवर टेकलेली असे आणि तुळई दोन्ही खोल्यांखालून एकच गेलेली होती. म्हातारपणी आधी जातात ते वरचे स्वर. बायकांचे आणि मुलांचे बोलणे, पाखरांचे आवाज. खालचे पुष्कळ काळ टिकतात. आणि अण्णांची खाट लाकडाची, तिचे चारही पाय त्याच फळ्यांवर.

ऑगस्टच्या शेवटी, पाऊस लागून राहिलेला असताना, ते पुन्हा म्हणाले. पेल्यातला चहा बशीत ओतता ओतता, माझ्याकडे न पाहता: “त्या खणणाऱ्यांचा पंचम उतरलाय.”

मी आत जाऊन पाहिले. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेला षड्ज मानले तर तिच्यावरची तार पंचमाची. ती उतरली होती. किती, तर मला स्वतःला कळले नव्हते इतकी. मी तार चढवली. मग चेलो उचलून पुढच्या खोलीत नेला, स्टूल आणले, आणि अण्णांसमोर बसले. हात कापत होता, म्हणून गजही कापत होता. मी दोन्ही खालच्या तारा ओढल्या.

अण्णांनी पाय खाटेखाली सोडले आणि तळवे फळ्यांवर टेकवले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “हा कुठला सा?”

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितले, “पांढरी एक. मंद्रातला.”

“माझा आहे,” ते म्हणाले.

ते खरे होते. उमेदीत अण्णा काळी एकमध्ये गात; पुढे वय झाल्यावर पांढरी एकवर उतरले होते. चेलोची सर्वांत खालची मोकळी तार म्हणजे त्या पट्टीतला मंद्र षड्ज. आयुष्यभर पहाटे उठून ते ज्या स्वराकडे उतरण्याचा प्रयत्न करीत आले होते, आणि जो फार थोड्या गळ्यांना सापडतो, तो इथे काही न करता मिळत होता. तार नुसती मोकळी सोडायची.

त्यानंतर मला दोन शिक्षक झाले. मंगळवारी कावेलमध्ये सर, रोज सकाळी घरी अण्णा. त्या दोघांची कधी भेट झाली नाही, पण माझ्यामार्फत त्यांचा वाद मात्र झाला. गंधारावरून. सरांकडे पियानोशी जुळवून घेतलेला गंधार मी घरी वाजवला की अण्णा भुवया चढवत: “चढलाय.” घरी तंबोऱ्याशी जुळवलेला गंधार सरांकडे वाजवला की सर म्हणत, “थोडा खाली आहे, बाय.” दोघेही बरोबर होते. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप निघतो तो गंधार षड्जाशी पाचास चार असे सरळ नाते ठेवतो. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून त्याचा गंधार किंचित वर जाऊन बसतो. हा फरक पडद्यांच्या वाद्यावर मला कुणी विचारलाच नसता. चेलोवर तो रोज माझ्या पहिल्या बोटाला विचारला जात होता. शेवटी मी सरांना सगळे सांगितले. ते हसले. “पियानोबरोबर वाजवताना पियानोचा घे,” म्हणाले, “एकटी वाजवशील तेव्हा वडलांचा.”

मग राग का वाजवत नाहीस, असे मला एका मैत्रिणीने विचारले. चेलोवर हिंदुस्थानी संगीत वाजवता येते. मूळच्या नेदरलंड्सच्या सास्किया राव-द हास यांनी त्याला तरफेच्या तारा लावून, जमिनीवर बसून ते वाजवून दाखवले आहे. पण माझे धैर्य तेवढे नव्हते, आणि इच्छाही नव्हती. भूपाचे दार एकदा लागले होते. ते वाजवून उघडण्यापेक्षा मला दुसऱ्या घरात जायचे होते, जिथे मला कुणी ओळखत नाही. बाखने चेलोसाठी साथीवाचून लिहिलेल्या सहा रचना आहेत, साधारण १७२० च्या सुमाराच्या. पाब्लो कझाल्सला त्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात जुन्या कागदांत सापडल्या आणि त्याने बारा वर्षे सराव केल्यावर त्या लोकांसमोर वाजवल्या, ही गोष्ट सरांनी मला सांगितली होती. आठ महिने झाल्यावर मी भीत भीत विचारले, पहिल्या रचनेची सुरुवात शिकवाल का? सरांनी विचार केला. “तुला बारा वर्षं नाहीत,” म्हणाले. “मला तर नाहीतच. आठ आठवडे थांब.”

ते आठ आठवडे मी थांबले. त्यानंतर पहिल्या चार ओळी शिकायला पाच महिने लागले. त्या मी कुठल्याही श्रोत्यांसमोर वाजवलेल्या नाहीत.

अण्णांना मी एकदाच विचारले. २०१९ ची दिवाळी होऊन गेली होती. दादा पुण्याहून येऊन, चेलोकडे कौतुकाने पाहून परत गेला होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन १९७० ची संध्याकाळ सांगितली. भूप, दादाची अडखळलेली जागा, आणि त्यांचे वाक्य. त्यांना काहीही आठवत नव्हते. “असं म्हटलं होतं मी?” ते म्हणाले. मी मान हलवली. बराच वेळ ते खिडकीबाहेरच्या निळ्या पत्र्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून, शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्यासारखे, म्हणाले, “खरं होतं का?”

एवढ्या वर्षांत मी त्या वाक्याचा राग केला, त्याला शरण गेले, त्याच्याभोवती आयुष्य बेतले. पण ते खरे होते की खोटे हे मी कधी तपासलेच नव्हते. माझा गळा खरोखर नसेल. माझा कान खरोखर चांगला असेल. ‘तू ऐकत जा’ याचा अर्थ ‘गप्प बस’ असा दहा वर्षांच्या मुलीने घेतला, यात तिची चूक नव्हती. तो अर्थ तेव्हा घरच्या भिंतींनाही ठाऊक होता. पण तेच शब्द कावेलमधल्या त्या खोलीत मला वाजवण्यासाठी सांगितले गेले होते. मी अण्णांना म्हटले, “माहीत नाही.” ते म्हणाले, “मग सा लाव.”

त्या थंडीत रोज पहाटे हाच क्रम होता. मी खालची तार ओढी आणि अण्णा खाटेवर बसून, तळवे फळ्यांना टेकवून, तिच्याबरोबर खर्ज भरू पाहत. त्यांचा आवाज मध्य षड्जावरून निघे, दोन-तीन पायऱ्या उतरे आणि तिथे हवेत विरून जाई. ते थांबत, श्वास घेत, पुन्हा निघत. मी गज थांबवीत नसे. उलटताना आवाज तुटू नये एवढेच पाहायचे. सरांनी चार आठवडे मोकळ्या तारांवर मला तेच शिकवले होते. २०२० च्या जानेवारीत अण्णा गेले.

सर २०२२ मध्ये साष्टीला, आपल्या गावी परत गेले. बोटांचे सांधे धरल्यामुळे त्यांना आता वाजवता येत नाही. आमचा धडा फोनवर होतो. फोनला खालचे स्वर नीट पेलत नाहीत. मी मंद्र षड्ज लावते तेव्हा तिकडे केवळ गजाची सळसळ पोचते. मी एकदा म्हटले, सर, तुम्हाला हा ऐकू येत नसणार. ते म्हणाले, “वाजव तू. मी समजून घेतो.”

ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावातली मेट्रो धावू लागली आहे. निळे पत्रे निघाले. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या तारखा रंगाखाली गेल्या. खालून गाड्या जातात म्हणतात, पण आमच्या घरात त्यांचा कंप मला जाणवत नाही. अण्णांची खाट अजून पुढच्या खोलीत आहे. सकाळी मी स्टूल तिच्याजवळ ओढते, दांडी फळीवर टेकवते, आणि सर्वांत आधी पंचम उतरला आहे का ते ऐकते.